सत्ताविसाव्या जागेवरचा बदल: मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील एका अर्बुदाचे प्रकरण

सहा-सात वर्षांचे मूल काही दिवसांपासून तिरळे पाहू लागते, चालताना त्याचा तोल जातो, हसताना चेहऱ्याची एक बाजू हलत नाही आणि पाणी पिताना ठसका लागतो. ही लक्षणे अवघ्या काही आठवड्यांत एकामागून एक उमटली आणि एमआरआयमध्ये मस्तिष्कस्तंभाचा मधला भाग फुगलेला दिसला, तर निदान बहुतेक वेळा एकच असते: डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लिओमा, संक्षेपाने डीआयपीजी. ग्लिओमा म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचे अर्बुद. या मधल्या भागाला पॉन्स म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ पूल. मेंदूकडून शरीराकडे जाणारे आणि तिकडून परत येणारे चेतातंतू या पुलावरून जातात, डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या हालचालींचे काही चेतासमूहही येथेच आहेत, आणि अर्बुदाच्या पेशी या सगळ्यांच्या मधूनमधून पसरलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने गाठ काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सुमारे सहा आठवड्यांत ५४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) इतका किरणोपचार दिला की लक्षणे काही महिने ओसरतात आणि मग परत येतात. निदानानंतरचे मध्यक आयुर्मान ९ ते ११ महिने आहे. दोन वर्षांनंतर जिवंत असणारी मुले १० टक्क्यांहूनही कमी असतात.

डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणा आणि कर्करोग यांचा संबंध समजून घेण्यासाठी हेच प्रकरण निवडण्याचे कारण असे की, इतर बहुतेक कर्करोगांत या खुणा बिघडलेल्या आढळल्या तरी तो बिघाड रोगाचे कारण आहे की परिणाम, याविषयी वाद उरतोच. येथे तो फारसा उरत नाही, कारण येथे ज्याच्यावर खूण उमटते ते हिस्टोन प्रथिनच बदललेले आहे, आणि तेही एका अमिनो आम्लाने.

ऊती मिळेपर्यंतची प्रतीक्षा

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी २८ जानेवारी १९६२ रोजी वारली. तिला पॉन्समधील अर्बुद होते आणि तिच्यावर किरणोपचारच झाले होते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत किरणोपचाराची यंत्रे अचूक झाली, मात्र उपचाराचे तत्त्व तेच राहिले. एकामागून एक रासायनिक औषधे वापरून पाहिली गेली. त्यांतली बरीचशी प्रौढांच्या मेंदूतील अर्बुदांसाठी तयार झालेली होती आणि ती चालतील या आशेपलीकडे त्यांना फारसा आधार नव्हता.

आधार नसण्याचे कारण साधे होते. एमआरआयवरून निदान पुरेसे खात्रीने होत असल्यामुळे आणि मस्तिष्कस्तंभात सुई घालणे धोक्याचे मानले जात असल्यामुळे, कित्येक दशके या मुलांच्या अर्बुदाचा तुकडा कोणी काढतच नसे. ज्या रोगाची ऊती सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही, त्याच्या रेणूंचा अभ्यास होणार तरी कसा? ही कोंडी दोन बाजूंनी फुटली. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २००७ साली २४ मुलांचा अनुभव प्रसिद्ध करून, त्रिमितीय मार्गदर्शनाखाली घेतलेली बायोप्सी स्वीकारार्ह धोक्यात करता येते, हे दाखवले. दुसऱ्या बाजूने, मूल गेल्यावर शवविच्छेदनातून अर्बुद संशोधनासाठी देण्यास अनेक पालक तयार झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिशेल मोंजे यांच्या गटाने अशाच दान मिळालेल्या ऊतीपासून प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी तयार केल्या आणि २०११ मध्ये त्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे जे काही घडले त्याचा मोठा भाग या दोन गोष्टींवर उभा आहे.

हिस्टोनवरील खुणा

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो: एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांच्या प्रत्येकी दोन प्रती मिळून आठ प्रथिनांची एक चकती होते आणि तिच्याभोवती १४७ अक्षरजोड्यांचा डीएनए पावणेदोन वेढे घेतो. या घटकाला न्यूक्लिओसोम म्हणतात. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ साली पक्ष्याच्या रक्तपेशींतून हिस्टोन वेगळे केले, तेव्हापासून पुढची अनेक दशके ही प्रथिने म्हणजे डीएनए गुंडाळण्याची रिळे, एवढीच त्यांची ओळख होती. व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ मध्ये हिस्टोनवर ॲसिटिल गट बसल्यास आरएनएची निर्मिती वाढते, असे सुचवले. पण ते गट बसवणारा विकर (एन्झाइम) हाती येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला तो टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात सापडला. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल गट काढून टाकणारा विकर ओळखला. खुणा लावणारे आहेत तसे त्या पुसणारेही आहेत, आणि जनुक चालू किंवा बंद राहणे या दोघांच्या ओढाताणीवर ठरते, हे तेव्हापासून स्पष्ट होत गेले.

हिस्टोनचा एक टोकाकडचा भाग, ज्याला शेपूट म्हणण्याची पद्धत आहे, चकतीच्या बाहेर लोंबत असतो. खुणा मुख्यतः या शेपटावर बसतात. लायसिन या अमिनो आम्लावर धन विद्युतभार असतो आणि डीएनएवर ऋण. ॲसिटिल गट बसला की लायसिनचा भार नाहीसा होतो, पकड सैल पडते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला वाट मिळते. मिथिल गटाचे तसे नाही. त्याने भार बदलत नाही. तो कोणत्या लायसिनवर बसला आहे आणि त्याला कोणते प्रथिन येऊन चिकटते, यावर त्याचा अर्थ ठरतो. एच३ च्या चौथ्या लायसिनवर तीन मिथिल गट असतील तर तेथून सुरू होणारे जनुक बहुधा चालू असते. सत्ताविसाव्या लायसिनवर तीन मिथिल गट असतील तर ते गप्प असते.

या सत्ताविसाव्या जागेवर मिथिल गट बसवण्याचे काम पीआरसी२ या प्रथिनसमूहाकडे आहे. त्यातील ईझेडएच२ हा प्रत्यक्ष विकर. चेतापेशीत यकृताची जनुके आणि यकृतात चेतापेशीची जनुके बोलू नयेत, यासाठी ही व्यवस्था आहे. भ्रूणाची वाढ होताना पेशी आपले आधीचे रूप सोडून पुढचे रूप घेते, तेव्हा आधीच्या रूपाची जनुके कुलूपबंद करण्यात या खुणेचा मोठा वाटा असतो. त्याच लायसिनवर ॲसिटिल गटही बसू शकतो आणि तो अगदी उलट, चालू असल्याची खूण आहे. एका लायसिनवर एका वेळी दोन्ही बसू शकत नाहीत.

२०१२ चा शोध

२९ जानेवारी २०१२ रोजी दोन स्वतंत्र गटांचे शोधनिबंध एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. आर्मस्ट्राँग यांच्या मुलीच्या मृत्यूला आदल्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती, हा निव्वळ योगायोग. अमेरिकेतील सेंट ज्यूड बालरुग्णालय आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या संयुक्त प्रकल्पाने सात डीआयपीजी अर्बुदांचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि नंतर आणखी ४३ अर्बुदांत नेमक्या जागा तपासल्या. ७८ टक्के अर्बुदांत हिस्टोन एच३ च्या जनुकात एकच बदल होता: सत्ताविसाव्या जागेवर लायसिनऐवजी मेथिओनिन. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील नादा जबादो आणि हायडेलबर्गमधील श्टेफान फिस्टर यांच्या गटांनी मुलांच्या ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे अतिआक्रमक ग्लिओमाच्या, ४८ नमुन्यांत हाच बदल शोधला आणि सोबत चौतिसाव्या जागेवरचा दुसरा बदलही. दुसरा बदल प्रमस्तिष्काच्या गोलार्धांतील अर्बुदांत, तर पहिला पॉन्स, थॅलॅमस यांसारख्या मध्यरेषेवरील भागांत आढळतो. मानवी रोगात हिस्टोनच्या जनुकात असे नेमके आणि पुन्हा पुन्हा येणारे उत्परिवर्तन तोवर कोणी पाहिलेले नव्हते.

लायसिनचे संकेताक्षर के आणि मेथिओनिनचे एम, म्हणून या बदलाला के२७एम म्हणतात. काही प्रयोगशाळांच्या अहवालात मात्र के२८एम असे लिहिलेले असते आणि वाचणारा गोंधळतो. बदल तोच आहे. प्रथिन तयार झाल्यावर त्याच्या आरंभीचे मेथिओनिन छाटले जाते. हिस्टोनचे अभ्यासक ते मोजत नाहीत, जनुकशास्त्राचे अधिकृत नामकरण ते मोजते.

डीएनएच्या पातळीवर हा बदल एका अक्षराचा आहे: एएजी या त्रिकाच्या जागी एटीजी. येथे पहिली शंका येते ती संख्येविषयी. मानवी जनुकसंचात एच३ घडवणारी सुमारे १५ जनुके आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या दोन प्रती धरून ३० च्या आसपास. अर्बुदात त्यांपैकी एकच बिघडलेली असते. या अर्बुदांतील एकूण एच३ प्रथिनांत बदललेल्या प्रथिनाचे प्रमाण सुमारे ४ ते १८ टक्के भरते. उरलेल्या बहुसंख्य एच३ वर सत्ताविसावे लायसिन शाबूत आहे. मग त्यांच्यावरची खूण जायला नको. प्रत्यक्षात ती जाते.

थोडक्या प्रथिनाने केलेली मोठी अडवणूक

रॉकफेलर विद्यापीठात ॲलिस यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पीटर लुईस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या कोड्याचा पहिला पट्टीचा खुलासा केला. के२७एम असलेल्या अर्बुदांत सत्ताविसाव्या लायसिनवरची तिहेरी मिथिल खूण सर्वत्र घसरलेली होती. निरोगी पेशींत केवळ हे बदललेले हिस्टोन घातले तरी तेच घडे. त्यांनी लायसिनच्या जागी इतर अमिनो आम्लेही घालून पाहिली. परिणाम झाला तो मेथिओनिनने आणि आयसोल्युसिनने. म्हणजे मूळ मुद्दा लायसिन गेल्याचा नव्हताच. मेथिओनिनची लांब, भाररहित साखळी ईझेडएच२ च्या क्रियाकेंद्रात जाऊन बसते आणि विकराचे काम अडवते. या उत्परिवर्तनात गमावणे थोडे आणि अडवणे फार आहे.

येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. रुग्णांत मेथिओनिन इतके वारंवार आणि आयसोल्युसिन इतके क्वचित का आढळते, याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा संकेतलिपीत आहे. एएजी या त्रिकातले एक अक्षर बदलून मेथिओनिन मिळते. आयसोल्युसिनसाठी दोन अक्षरे बदलावी लागतात. एका अक्षरात मिळणारे इतर सगळे पर्याय विकराला अडवू शकत नाहीत, म्हणून त्यांतून अर्बुद होत नाही आणि ते आपल्या नजरेसही पडत नाहीत.

मात्र विकर अडकून पडतो हे चित्र जसेच्या तसे टिकले नाही. तसे असते तर बदललेले हिस्टोन गुणसूत्रावर जेथे जेथे आहे तेथे पीआरसी२ साचलेला दिसायला हवा होता; २०१७ च्या एका अभ्यासात उलट तो त्या जागांपासून दूर आढळला. जबादो यांच्याच गटाने २०१९ मध्ये मांडलेले चित्र मला अधिक पटते. पीआरसी२ आधी सी आणि जी अक्षरांनी दाट अशा ठरावीक पट्ट्यांवर उतरतो, तेथे खूण लावतो, आणि मग त्याच समूहातील ईईडी हे प्रथिन लागलेली खूण ओळखून विकराला चेतवते, त्यामुळे खूण शेजारी पसरत जाते. के२७एम असताना पहिला टप्पा होतो, पसरणे होत नाही. म्हणून दाट पट्ट्यांवर खूण शिल्लक राहते आणि त्याबाहेरचे विस्तीर्ण प्रदेश उघडे पडतात. अर्बुदाच्या पेशींतून के२७एम काढून टाकल्यावर खुणेचा पसारा परत आला आणि त्या पेशी उंदरांत अर्बुद घडवेनाशा झाल्या.

या स्पष्टीकरणाला अगदी वेगळ्या दिशेने पुष्टी मिळाली. लहान मुलांच्या अनुमस्तिष्काजवळ (सेरेबेलमजवळ) होणाऱ्या एपेंडिमोमा या अर्बुदाच्या एका प्रकारात हिस्टोनचे उत्परिवर्तन जवळजवळ नसतेच, तरी सत्ताविसाव्या लायसिनवरची खूण तशीच नाहीशी असते. तेथे ईझेडएचआयपी नावाचे एक प्रथिन अवाजवी प्रमाणात तयार होते, आणि त्याचा एक भाग के२७एम असलेल्या शेपटासारखाच विकराला अडवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात मध्यरेषेवरील या ग्लिओमांना के२७एम उत्परिवर्तनाच्या नावाने स्वतंत्र स्थान दिले होते. २०२१ मध्ये उत्परिवर्तन हा शब्द वगळून के२७ मध्ये बिघाड झालेला असा व्यापक शब्दप्रयोग केला, तो याच कारणाने.

तरीही हा बदल एकट्याने अर्बुद करत नाही. २०१४ मध्ये मानवी मूळपेशींपासून बनवलेल्या चेतापूर्वज पेशींत के२७एम, पी५३ या अर्बुदरोधक प्रथिनाचा अभाव आणि पीडीजीएफआरए या वाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहीची अतिक्रियता अशी तिन्ही घातल्यावर पेशींची वाढ अनिर्बंध झाली, पण प्रौढत्वाकडे गेलेल्या तारकापेशींत तोच प्रयोग फसला. २०१८ मध्ये एकेक पेशी तपासून असे दिसले की अर्बुदातील बहुतांश पेशी चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींच्या पूर्वजांसारख्या आहेत. पॉन्समध्ये अशा पूर्वज पेशींची वाढ बालपणात एका विशिष्ट काळात जोरात असते आणि रोगाचे वयही तेच आहे. जी जनुके त्या वेळी बंद व्हायची होती ती बंद झाली नाहीत, त्यामुळे पेशी पूर्वजाच्याच अवस्थेत अडकून विभागत राहिली, असा याचा अर्थ आहे.

उपचारांचे प्रयत्न

खूण कमी झाली आहे तर ती परत आणावी, हा पहिला विचार साहजिक होता. २०१४ मध्ये जीएसके-जे४ या रेणूने मिथिल खूण पुसणाऱ्या विकरांना रोखले. खूण वाढली आणि अर्बुद असलेले उंदीर अधिक दिवस जगले. माणसांत वापरण्याजोगे औषध त्यातून निघाले नाही.

दुसरा विचार याच्या बरोबर उलट होता आणि या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग तोच आहे. क्रिस्टियान हेलिन यांच्या गटाने २०१७ मध्ये अर्बुदात उरलेली थोडकी खूणही ईझेडएच२ रोखून काढून टाकली. बिघाड आणखी वाढायला हवा होता. प्रत्यक्षात पेशींची वाढ थांबली. दाट पट्ट्यांवर उरलेली खूण पी१६ या पेशीविभाजन रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक गप्प ठेवत होती, आणि ती जाताच पी१६ जागे झाले. खुणेच्या अभावाने पेशीला बाल्यावस्थेत ठेवले होते आणि उरलेल्या खुणेने तिचा ब्रेक काढून ठेवला होता. अर्बुदाला दोन्ही हवे होते. त्यामुळे खूण वाढवणे बरे की घटवणे बरे, हा प्रश्नच अपुरा ठरतो. ती कोणत्या जनुकावर, हे त्यात नाही.

तिसरा मार्ग ॲसिटिल खुणांचा. पॅनोबिनोस्टॅट हे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखणारे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी संमत झाले होते. त्याच वर्षी मोंजे आणि सहकाऱ्यांनी दान मिळालेल्या पेशींवर अनेक औषधे तपासून त्यातून हेच निवडले. प्रयोगशाळेत त्याचा परिणाम ठळक होता. मुलांवरील चाचणीत तसा लाभ दिसला नाही. रक्तातून मेंदूत औषध पुरेसे उतरत नाही आणि मात्रा वाढवली तर प्लेटलेट घटतात.

पुढे आलेला रेणू हिस्टोनसाठी शोधलेलाच नव्हता. ओएनसी२०१, म्हणजेच डोर्डाव्हिप्रोन, डोपामाइनच्या एका ग्राहीला रोखतो आणि तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) क्लपपी या प्रथिनभंजक विकराला अतिक्रियाशील करतो. त्यामुळे पेशीच्या चयापचयात २-हायड्रॉक्सीग्लुटारेट हे द्रव्य वाढते, ते मिथिल खूण पुसणाऱ्या विकरांना अडवते आणि सत्ताविसाव्या लायसिनवरची खूण पुन्हा चढते, असे २०२३ मध्ये दाखवले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक वर्षावरील रुग्णांत, आधीच्या उपचारानंतर बळावलेल्या के२७एम ग्लिओमासाठी त्याला त्वरित मार्गाने संमती दिली. आधार होता ५० रुग्णांचा. त्यांपैकी २२ टक्के रुग्णांत अर्बुद आक्रसले आणि तो प्रतिसाद मध्यकाने १०.३ महिने टिकला. एक गोष्ट बातम्यांतून बहुधा निसटते: परिणामकारकतेच्या त्या विश्लेषणात पॉन्समध्ये उगम पावलेली अर्बुदे घेतलेली नव्हती. ज्या रोगामुळे हे सगळे संशोधन उभे राहिले, त्याच रोगासाठी ते आकडे लागू धरता येत नाहीत.

पॉन्समधील अर्बुद असलेल्या मुलांना ज्या चाचणीत जागा मिळाली ती वेगळ्या वाटेची आहे. मोंजे आणि क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटांनी २०१८ मध्ये दान मिळालेल्या त्याच पेशींच्या पृष्ठभागावर काय आहे याची छाननी केली, तेव्हा जीडी२ हा शर्करायुक्त मेदरेणू के२७एम असलेल्या पेशींवर दाटीने आणि इतर उच्चश्रेणी ग्लिओमांवर बराच विरळ आढळला. रुग्णाच्याच टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) काढून, त्यांना जीडी२ ओळखण्यास शिकवून परत देण्याची चाचणी त्यावरून सुरू झाली. पॉन्समध्ये सूज आली तर मेंदूतील द्रवाचा मार्ग अडून जीव जाऊ शकतो, म्हणून दाब मोजणारे आणि द्रव काढणारे साधन आधीच बसवून ठेवावे लागते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ११ रुग्णांना या पेशी दिल्या गेल्या. चौघांत अर्बुदाचे आकारमान अनुक्रमे ५२, ५४, ९१ आणि १०० टक्क्यांनी घटले. शेवटच्या रुग्णाचे अर्बुद वृत्तांत लिहिला जाईपर्यंत ३० महिने उलटूनही परतलेले नव्हते. इतरांपैकी बहुतेकांत ते पुन्हा वाढले.